बर्फी जेवली का?

हस्की पाळणाऱ्या माणसाला लोक तीन प्रश्न विचारतात. पहिला, ‘लांडगा आहे का?’ दुसरा, ‘घरात एसी आहे ना?’ आणि तिसरा, तिच्याकडे नीट निरखून, आवाज जरा खाली आणून, ‘जेवायला देता ना हिला?’

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. नाही, लांडगा नाही. हो, एसी आहे, आणि मे महिन्याचं लाइटबिल आलं की आमच्या घरात दोन मिनिटं शांतता पाळली जाते. तिसऱ्या प्रश्नाला मात्र लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत उत्तर देता येत नाही. म्हणून हा लेख!

आमची बर्फी. सैबेरियन हस्की, राहणार नालासोपारा पश्चिम. एकेकाळी आमचं सोपारा म्हणजे शूर्पारक नावाचं मोठं बंदर होतं. देशोदेशीचा माल इथे उतरायचा म्हणे. पण थेट सैबेरियाचं पार्सल बहुधा आमच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्यांदा उतरलं असावं. तेही विकत घेतलेलं नाही. ऑफिसमधल्या एका मित्राची बदली परदेशात झाली आणि २०२२ च्या जानेवारीत दोन वर्षांची बर्फी आमच्याकडे आली. सोबत तिची गादी, तिचा ब्रश, लसीकरणाचं कार्ड आणि एक हाताने लिहिलेला कागद. त्यावर लिहिलं होतं: ‘खाण्याच्या बाबतीत फार चूझी आहे. चीज किसून घाला. नाही खाल्लं तर चिकन. तरी नाही खाल्लं तर अंडं. हाताने भरवलं तर खाते.’

एखाद्या जावयाच्या पहिल्या दिवाळसणाला एवढा मेनू नसतो.

आणि एवढं ‘काही खात नाही’ म्हणणारी ही बाई भरली किती, तर २४ किलो! हस्कीच्या मादीचं वजन साधारण १६ ते २३ किलो असावं, असं ब्रीडचं स्टँडर्ड सांगतं. बर्फीचा सांगाडा मध्यम. डॉक्टरांनी तिला तपासलं, दात बघितले, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. मग म्हणाले, ‘हिचं योग्य वजन वीस. चार किलो उतरवायचे.’ माझ्या आईने लगेच विचारलं, ‘अहो डॉक्टर, पण ती काही खातच नाही हो!’

डॉक्टर हसले. हे वाक्य ते रोज ऐकत असणार.

‘नाही’ म्हणण्याचे फायदे

हस्कीचं डोकं फार तेज. समोर ड्राय फूडचा बाऊल ठेवा. ती वास घेणार, तुमच्याकडे बघणार आणि तोंड फिरवून बसणार. तुमचा जीव कासावीस. तुम्ही वर चीज घालता. ती खाते. दुसऱ्या दिवशी चीजला नकार. तुम्ही चिकन घालता. ती खाते. आता सांगा, यात कोणी कोणाला ट्रेन केलं? ‘नाही’ म्हटलं की मेनू सुधारतो, हा धडा तिला दोन दिवसांत पाठ होतो. आपल्या अप्रेझलमध्येही असंच असतं तर किती बरं झालं असतं!

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. जेवणाच्या दोन वेळा ठरवायच्या. बाऊल खाली ठेवायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, नाही खाल्लं तर उचलायचा. ओरडायचं नाही, विनवण्या करायच्या नाहीत, मागे मागे फिरायचं नाही. पुढची वेळ झाली की पुन्हा तेच खाणं. मधल्या वेळात काही नाही. पाणी मात्र कायम भरलेलं.

ऐकायला सोपं, पण मराठी घरात हे करून बघा! आमच्याकडे फोन उचलल्यावर ‘हॅलो’च्या आधी ‘जेवलीस का?’ येतं. पहिल्या दिवशी बर्फीने दोन्ही वेळा बाऊलकडे पाठ फिरवली. आई हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होती. बर्फी मान वर करून ‘वूऽऽऽ’ असा लांब सूर लावत होती. हस्की भुंकत कमी, गातात जास्त. आणि ते गाणं समोरच्या ब्लॉकपर्यंत जातं. समोरच्या काकू दारात हजर. ‘मुक्या जनावराला उपाशी ठेवता होय गं?’ मुकं? हे जनावर मुकं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बर्फीने बाऊल चाटूनपुसून साफ केला. चीजशिवाय.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. हा नियम मोठ्या, तंदुरुस्त आणि आधी डॉक्टरांनी तपासलेल्या कुत्र्यासाठी. पिल्लाला उपाशी ठेवायचं नसतं, त्याच्या रक्तातली साखर पटकन खाली येऊ शकते. शिवाय प्रत्येक नकार म्हणजे नखरा नसतो. आपल्या या दमट हवेत पॅकेट उघडं राहिलं की पंधरा दिवसांत त्यातलं फॅट खवट व्हायला लागतं. आपल्याला कळत नाही, तिच्या नाकाला लगेच कळतं. दहा किलोची बॅग स्वस्त पडते, पण आम्ही तीन किलोचीच आणतो, आणि ती बॅगसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. खाण्यावर थोडं कोमट पाणी घातलं की वास खुलतो. बर्फीचे अर्धे नखरे तेवढ्यानेच संपले.

कमी पेट्रोलवर पळणारी गाडी

हस्की कमी का खाते, याचं उत्तर तिच्या पूर्वजांकडे आहे. सैबेरियाच्या ईशान्य टोकाला राहणाऱ्या चुक्ची लोकांनी ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या वाढवली. काम काय, तर हलक्या वजनाची स्लेज घेऊन लांबच लांब पळायचं, तेही मोजक्या खाण्यावर. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा कुत्र्यांच्या गाड्यांनी औषध पोचवलं. हजार किलोमीटरहून जास्त अंतर साडेपाच दिवसांत, रिले पद्धतीने. बाल्टो आणि टोगो ही नावं त्यातलीच. १९३० मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या ब्रीडला मान्यता दिली.

आजही अलास्काच्या इडिटारॉड शर्यतीत पळणारा हस्की दिवसाला दहा हजारांच्या आसपास कॅलरी जाळतो. आणि आमची बर्फी? सकाळी पाचला स्टेशनच्या गर्दीआधी चाळीस मिनिटं चालणार, रविवारी कळंबच्या किनाऱ्यावर पहाटे थोडं धावणार, बाकी दिवसभर एसीसमोरच्या लादीवर पोट टेकून झोपणार. तिला लागतात हजार. म्हणजे त्या भावंडाच्या एक दशांश! मे महिन्यात तर त्याहूनही कमी. चालणं कमी, उकाडा जास्त, भूक कमी. आपल्यालाही मे महिन्यात दुपारी ताकभातच बरा वाटतो ना?

हे हजार कुठून आले? ऑफिसमधल्या हुशार मंडळींसाठी फंडा सांगते, मोबाइल काढा. कुत्र्याचं योग्य वजन घ्या, २०. त्याचा घन करा, ८०००. आता दोनदा वर्गमूळ काढा. साडेनऊच्या जवळ येतं. त्याला ७० ने गुणा. झाले ६६०. नुसतं पडून राहायला लागणाऱ्या या कॅलरी. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या मोठ्या कुत्र्यासाठी याला १.६ ने गुणतात, म्हणजे साधारण १०५०. वजन उतरवायचं असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ६६० च्या आसपास. हा नुसता सुरुवातीचा आकडा. पुढे काटा सांगेल तसं कमी-जास्त करायचं.

आणि यातलं सगळ्यात महत्त्वाचं, वरखाऊ खाणं एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत. बर्फीसाठी शंभर कॅलरी. शंभर कॅलरी म्हणजे किती? एक मध्यम पोळी, तीही तूप न लावता. संपलं! सकाळी आईने प्रेमाने एक पोळी टाकली, की दिवसभराचा कोटा फुल्ल. मग दुपारचं ग्लुकोज बिस्किट, चहाबरोबरची खारी आणि काकूंचा लाडू, हे सगळं ओव्हरटाइममध्ये.

डोळ्यांनी नाही, हाताने बघा

चार किलो उतरवायला पाच महिने लागले. आठवड्याला वजनाच्या एक टक्का, दोन टक्के म्हणजे फार झालं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दर पहिल्या रविवारी वजन. घरचा काटा बर्फीला पसंत नाही. म्हणून आम्ही जातो नाक्यावरच्या धान्याच्या दुकानात. तांदळाच्या गोणीच्या काट्यावर बर्फी ऐटीत बसते आणि शेठ मोठ्याने पुकारतात, ‘एकवीस किलो तीनशे!’ आजूबाजूचं गिऱ्हाईक टाळ्या वाजवतं. आपलं वजन असं कोणी पुकारलं तर...? जाऊ दे.

गंमत अशी की, बर्फी जशी योग्य वजनाला येऊ लागली, तसा लिफ्टमधला तिसरा प्रश्न वाढला. ‘बारीक झाली हो!’ ‘बरगड्या लागतात हाताला!’

मंडळी, बरगड्या हाताला लागायलाच हव्यात. जगभरातले पशुवैद्य यासाठी एक ते नऊ असा स्केल वापरतात. चार-पाच म्हणजे परफेक्ट. हस्कीच्या बाबतीत डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. दुहेरी केसांच्या आत पाच किलो जास्त लपतात आणि पाच किलो कमीही लपतात. म्हणून हात लावायचा. तुमच्या मुठीची हाडं चाचपून बघा. मूठ वळल्यावर वरची हाडं लागतात तशा बरगड्या लागल्या, तर कुत्रं फार बारीक. मूठ उघडून तळव्याच्या बाजूने दाबल्यावर लागतात तशा, म्हणजे शोधाव्या लागल्या, तर फार जाड. हात पालथा पसरून पाठीवरून बोट फिरवा. तशा लागल्या की बरोबर. वरून बघितल्यावर कंबर दिसली पाहिजे, बाजूने बघितल्यावर पोट मागच्या पायांकडे वर चढलेलं दिसलं पाहिजे.

हे नुसतं दिसण्याचं नाही. २००२ साली अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४८ लॅब्रेडॉर, पिल्लं असल्यापासून शेवटपर्यंत. जोड्यांमधल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खाणं. कमी खाणारी कुत्री सरासरी १.८ वर्षं जास्त जगली, आणि त्यांना सांधेदुखीही उशिरा लागली. जवळजवळ दोन वर्षं! कुत्र्याचं आयुष्य असतं किती? हा आकडा मी आईला वाचून दाखवला, तेव्हा ती बराच वेळ बर्फीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘पण मी दिवसभर घरी असते गं. ती माझ्याकडे बघते. मी काय करू?’

आईची वाटी

हा खरा प्रश्न होता. मी सकाळची लोकल पकडून जाते, रात्री आठनंतर उगवते. बाबा गेल्यापासून दुपारी घरात आई आणि बर्फी, दोघीच. आईला ‘काही देऊ नकोस’ म्हणणं म्हणजे ‘तिच्याशी बोलू नकोस’ म्हणण्यासारखं. माया करायची आमच्या घरातली भाषा खाण्याचीच आहे. ती बंद करून कसं चालेल?

मग निघाली आईची वाटी. रोज सकाळी एका स्टीलच्या वाटीत बर्फीचा शंभर कॅलरींचा खुराक काढून ठेवायचा. अर्धं उकडलेलं अंडं, गाजराचे तुकडे, काटे काढलेल्या उकडलेल्या बांगड्याचा छोटा तुकडा, मिठाशिवाय. ती वाटी आईच्या मालकीची. कधी द्यायचं, किती वेळा द्यायचं, कुठली युक्ती करून घ्यायची, सगळं आईने ठरवायचं. वाटी रिकामी झाली की दुकान बंद. काकूंना बर्फीला काही द्यावंसं वाटलं, तर तेही याच वाटीतून. आई एक अंड्याचा तुकडा वीस वेळा देते. बर्फीला वाटतं आपण वीसदा खाल्लं. दोघी खूश!

काकूंच्या लाडवावर मात्र थेट बंदी आली, कारण त्यात बेदाणे. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणजे आपला रस्सा कालवलेला भात बाद. सुकट आणि सुके बोंबील म्हणजे मीठच मीठ. शिजवलेली हाडं फुटून टोकदार होतात. आणि रोज नुसता चिकन-भात हा काही समतोल आहार नव्हे. त्यात कॅल्शियम कमी, झिंक कमी. हस्कीला झिंकच्या कमतरतेमुळे डोळ्यांभोवती आणि नाकापाशी खपल्या धरण्याचा त्रास इतर जातींपेक्षा जास्त होतो. घरचंच द्यायचं असेल तर ते डॉक्टरांकडून आखून घ्यावं. हे सगळं काकूंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘अगोबाई, आधी नाही का सांगायचंस!’ आता बिल्डिंगमध्ये दुसऱ्यांना त्याच समजावतात.

ऑगस्टमधले गोल

वाटीबरोबर आईने आणखी एक गोष्ट सुरू केली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती पूर्वीपासून दुधाचा हिशोब लिहिते. त्याच चौकोनात ती बर्फीचं जेवण लिहू लागली. खाल्लं की बरोबरची खूण, सोडलं की गोल. वर्षभरात एक पॅटर्न दिसायला लागला. दहा-बारा दिवसांतून एखादा गोल. उन्हाळ्यात जरा जास्त. पण वाटी? वाटी कधीच शिल्लक नाही. जेवण सोडलं तरी बांगडा सोडायचा नाही, हे बर्फीचं तत्त्व.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मी ऑफिसात असताना आईचा फोन आला. आई श्रावण पाळते, बर्फी पाळत नाही, म्हणून तिचा बांगडा तेवढा चालू होता. आई म्हणाली, ‘अगं, काल संध्याकाळी गोल, आज सकाळी गोल. ते असू दे. पण हिने बांगड्याकडे बघितलंसुद्धा नाही.’

बस्स, एवढं पुरेसं होतं. हाफ डे टाकून निघाले. संध्याकाळी दवाखान्यात ताप भरला १०४. कुत्र्याचं नॉर्मल साधारण १०१ ते १०२.५ असतं. हिरड्या फिकट. डॉक्टरांनी विचारलं, ‘कधीपासून खात नाहीये?’ हा प्रश्न चूझी कुत्र्याच्या घरात फार अवघड. ती तर कायमच खात नाही! पण आईकडे कॅलेंडरच्या पानाचा फोटो होता. रक्त तपासलं, प्लेटलेट्स खाली. टिक फीव्हर. पावसाळ्यात आपल्याकडे गोचीड एवढे माजतात, की घनदाट केसांत एखादा लपून राहिला तरी कळत नाही. चार आठवडे डॉक्सिसायक्लिन. ‘वेळेत आणलीत,’ डॉक्टर म्हणाले.

त्या आजारात वजन १८.३ वर आलं. तेव्हा सगळे नियम गुंडाळून ठेवले. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, जे खाईल ते, जेव्हा खाईल तेव्हा. आईने रात्री दोन वाजता तिला हाताने चिकनचं पाणी पाजलंय. दसऱ्यापर्यंत शेठने पुन्हा ‘वीस किलो!’ पुकारलं. आणि बाईसाहेबांनी आजारपणातला मेनू पुढेही चालू ठेवायचा जोरदार प्रयत्न केला. बाऊलकडे पाठ, आईकडे केविलवाणी नजर, ‘वूऽऽऽ’. तीन दिवस. चौथ्या दिवशी गपचूप ड्राय फूड.

त्या तीन दिवसांत आई अजिबात डगमगली नाही. कारण बर्फी जेवण सोडत होती, पण वाटी चाटूनपुसून संपवत होती. म्हणजे हा नखरा. आजार नव्हे. हा फरक तिला कुठल्याही ॲपशिवाय कळत होता.

चूझी कुत्र्याला किती भरवलं, यापेक्षा त्याचं रोजचं ‘नाही’ कसं असतं हे आपल्याला माहीत असणं जास्त गरजेचं. रोजचं ‘नाही’ ओळखीचं झालं, की ज्या दिवशी वेगळं ‘नाही’ येतं ते ऐकू येतं. तोवर लिफ्टमधल्या तिसऱ्या प्रश्नाला आईचं उत्तर तयार आहे. ती शांतपणे म्हणते, ‘हात लावून बघा. बरगड्या लागतात ना? मग बरोबर आहे.’

बर्फीच्या कॅलेंडरवरून

• मोठ्या, धडधाकट कुत्र्याने एखादं जेवण सोडलं, पण पाणी पितंय, खेळतंय, तर वाट बघा. चोवीस तासांहून जास्त झालं, किंवा सोबत उलटी, जुलाब, ताप, सुस्ती, फिकट हिरड्या असतील, तर थेट डॉक्टर.

• ड्राय फूड मगने नाही, वजनकाट्यावर मोजा. ‘एक मग’ प्रत्येकाच्या हातचा वेगळा.

• महिन्यातून एकदा वजन, आठवड्यातून एकदा बरगड्यांवरून हात.

• नवीन खाणं सात-आठ दिवसांत हळूहळू बदला. एकदम बदललं की पोट बिघडतं आणि दोष नखऱ्यांवर येतो.

• पावसाळ्यात रोज संध्याकाळी कानामागे, बोटांच्या मध्ये आणि पट्ट्याखाली गोचीड शोधा. गोचिडांचं औषध डॉक्टरांना विचारून, वेळच्या वेळी.